कुंडीतला वसंत
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, बचतीवर बोला." मी म्हटलं, छत्तीस वर्षं बँकेत तेच बोललो, आता फुलांवर बोलू द्या. तरी बचत त्यात येईलच.

२०१२च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला, लीड्सला गेलो होतो. नात झाली, सगळं सुखरूप पार पडलं. पण लेक मात्र गप्प झाली. बाळाला घ्यायची, दूध पाजायची आणि खिडकीकडे बघत बसायची. आम्ही म्हणायचो, "अगं, थकलीस, दुसरं काही नाही." हे चूक होतं. तो आजार होता आणि त्यावर उपचार असतात, हे तिथल्या नर्सने आम्हाला समजावलं. आज हे सगळं मी लेकीला विचारूनच सांगतोय. ती म्हणाली, "बाबा, सांगा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

तिथला हिवाळा म्हणजे डिसेंबरात पावणेचारलाच दिवस मावळतो. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. ऑक्टोबरअखेर त्यांनी हायसिंथ आणि बुटक्या डॅफोडिलचे कंद आणून दिले आणि आमच्या सौ.ला लावायला शिकवले. हायसिंथच्या कंदाने हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालायचे. कुंडीत कंद जवळजवळ, पण एकमेकांना न चिकटता ठेवायचे. हायसिंथचं टोक मातीच्या वर दिसलं पाहिजे. पाणी घालून कुंडी काळ्या पिशवीत गुंडाळायची आणि बागेतल्या थंडगार शेडमध्ये दहा-बारा आठवडे ठेवून द्यायची. अधूनमधून माती ओलसर आहे ना, एवढंच बघायचं.

मी विचारलं, फुलझाड अंधारात कशाला? त्याचं कारण असं. या कंदांमध्ये फुलाची कळी उन्हाळ्यातच तयार झालेली असते. अन्नही आत साठवलेलं असतं. पण नऊ अंशांखालची थंडी बरेच आठवडे मिळाल्याशिवाय दांडा नीट लांबत नाही. घाईने उबेत आणलं तर फूल बुडाशीच अडकतं. म्हणजे आमच्या भाषेत फिक्स्ड डिपॉझिटच! मुदतीआधी मोडलं की नुकसान.

सौ. रोज शेडमध्ये डोकावायची. जानेवारीच्या मध्याला दोन इंची फिकट कोंब दिसले. मग कुंड्या आधी थंड, उजेडाच्या खोलीत आणि आठवड्याने खिडकीत आणल्या. हीटरपासून लांब, कारण कोरड्या उष्णतेने कळ्या सुकतात. कोंब उजेडाकडे झुकतात, म्हणून कुंडी रोज थोडी फिरवायची. हे काम मी लेकीकडे दिलं. पहिले काही दिवस तिने केलं नाही. मी काही बोललो नाही, गुपचूप मीच फिरवायचो.

फेब्रुवारीत एका सकाळी मी उठलो, तर ती नातीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी. म्हणाली, "बाबा, काल तुम्ही कुंडी उलटी फिरवलीत." चार महिन्यांत तिने आपणहून काढलेली ती पहिली कुरापत! निळं हायसिंथ उमललं होतं आणि घरभर वास होता. फुलांनी ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांचे उपचार चालू होते, त्यांनीच ती बरी झाली. पण ती सकाळ आम्हा दोघांना विसरता येत नाही.

परत आल्यावर मी इथे ट्यूलिपचा प्रयोग केला. कंद फ्रिजमध्ये चौदा आठवडे ठेवले, पण सफरचंदांशेजारी! पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने आतली कळी मरते. पानं आली, फूल नाही. सौ. अजून चिडवते.

आपल्याकडे त्यापेक्षा अ‍ॅमरेलिस लावा. त्याला थंडी लागत नाही. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा. हिवाळ्यात पाणी तोडून विश्रांती द्या, फेब्रुवारीत पुन्हा सुरू करा. उजेडाच्या खिडकीत दीड-दोन महिन्यांत मोठी फुलं येतात. फुलं गेली तरी पानं कापू नका, पुढच्या वर्षीची शिल्लक तीच जमा करतात. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फुलणारं मे फ्लॉवरही सोपं आहे. आणि कुंडीखाली ताटली ठेवा, म्हणजे खालच्या मजल्यावरून तक्रार येणार नाही!

शेवटी एकच. आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत कितीतरी बाळंतपणं झाली, पुढेही होतील. एखादी लेक, सून गप्प झाली, तर "थकली असेल" म्हणून सोडू नका. तिला डॉक्टरांकडे न्या आणि तिच्याजवळ बसा.

माझ्याकडे अ‍ॅमरेलिसचे बरेच जादा कंद आहेत. ज्यांना हवेत त्यांनी संध्याकाळी सहानंतर घरी यावं. चहाही मिळेल.