संगणकाचा हिशेब चुकतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या चिटणीसबाईंनी मला बोलण्याचा आग्रह केला आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला. “तुमच्या आडतीवरच्या संगणकाचे काय झाले, तेवढेच सांगा,” असे त्या म्हणाल्या. भाषणाचा मला सराव नाही, आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा संगणकावर मी काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. परंतु गेली आठदहा वर्षे आमच्या गाळ्यावरच्या पट्ट्या मी स्वतः त्या यंत्रात भरते आहे. शिवाय आपल्या मंडळात कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचे कृषी सेवा केंद्र. आज ना उद्या हा प्रसंग तुमच्याही दारी येईल.

संगणकावरचा हिशेब दोन तऱ्हांचा असतो. एक बाजारात तयार मिळणारा. टॅलीचे नाव सर्वांनी ऐकले असेल. दुसरा आपल्या धंद्याच्या मापाने करून घेतलेला. तयार कपडा आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला झंपर यांत जो फरक, तोच येथे. मापाचा झंपर अंगाला नीट बसतो हे खरे, पण शिंपी गाव सोडून गेला तर उसवलेली शिवण घालायची कोणी?

आमचा प्रोग्रॅम २०१४ साली नात्यातल्याच एका मुलाने करून दिला. मायक्रोसॉफ्टचा ॲक्सेस म्हणून एक प्रकार आहे, तो १९९२ साली निघाला. लहान धंद्यांचे असे कितीतरी प्रोग्रॅम त्यावरच बेतलेले असतात. वक्कल कोणाचे, गोण्या किती, वजन, लिलावातला भाव, हमाली, तोलाई, उचल, एवढे भरले की शेतकऱ्याची पट्टी छापून यायची. मामंजींना तर फार कौतुक वाटे.

पुढे जुलै २०१६ मध्ये सरकारने नियम बदलला. भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदाराकडून घ्यायची, असे ठरले. त्या वेळी बाजार बंद पडले होते, ते तुम्हांला आठवत असेल. मुलाने घाईघाईत दुरुस्ती करून दिली. नंतर त्याला पुण्यास नोकरी लागली आणि तो निघून गेला. प्रोग्रॅम चालत राहिला, आणि चालतो आहे त्याअर्थी बरोबरच आहे असे सर्वांनी धरले.

२०२३ सालची गोष्ट. गरव्या कांद्याचे दिवस, गाळ्यावर पाय ठेवायला जागा नाही. एका शेतकऱ्याची पट्टी निघाली, त्यात अठरा हजारांची उचल कापलेली. ते गृहस्थ म्हणाले, “ही उचल मागच्या वक्कलातच फिटली.” मुनिमांनी पडद्यावर बघून सांगितले, “संगणक खोटे बोलत नाही.” चार माणसांदेखत! त्या माणसाचा चेहरा मी पाहिला. पट्टी न घेताच ते पायऱ्या उतरून गेले.

मी आवकेची एक वही हाताने लिहिते. सगळे हसतात मला, की संगणक आहे तर वही कशाला? त्या रात्री मी वही काढली. मागच्या वक्कलाच्या बासष्ट गोण्या, आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात ‘उचल अठरा हजार वळती’. संगणकात मात्र ती वळती त्यांच्या खात्यावर नव्हती. ती सापडली दुसऱ्याच माणसाच्या खात्यावर. गाव तेच, नाव तेच, आडनावही तेच.

आता मदत कोणाकडे मागायची? प्रथम त्या मुलालाच फोन केला. तो म्हणाला, “काकू, माझ्याकडे तर बरोबर चालतंय. तुमच्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मदत मागणाऱ्या बाईला ते बहुतेक ठिकाणी ऐकावे लागते. मग एका मोठ्या गावातल्या दुकानदाराकडे यंत्र नेले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “हे टाकून द्या, नवीन घ्या. जुना डाटा विसरा.” म्हणजे नऊ वर्षांची देणीघेणी विसरायची!

येथे जरा विलायतेकडे वळते. तिकडे गावोगावची लहान टपाल कार्यालये दुकानदारच चालवतात. १९९९ पासून टपाल खात्याने त्यांना होरायझन नावाचा हिशेबाचा प्रोग्रॅम दिला. त्यात फुजित्सू कंपनीच्या त्या प्रोग्रॅमच्या दोषाने रोकड कमी दिसू लागली. मदतीसाठी फोन केला की कित्येकांना उत्तर मिळे, अशी अडचण फक्त तुम्हांलाच आहे. तूट पदरची भरायला लावली आणि वर खटले भरले. नऊशेंहून अधिक लोकांना गुन्हेगार ठरवले. सीमा मिश्रा नावाची आपल्याकडचीच वाटावी अशी एक बाई, पोटात मूल असताना २०१० साली तुरुंगात गेली. पुढे ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लावला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी प्रोग्रॅममध्ये दोष असल्याचे सांगितले. सीमाबाईंची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली, आणि उरलेल्यांसाठी २०२४ साली खास कायदा करावा लागला. हे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला आमच्या गाळ्याच्या पायऱ्या दिसल्या.

आमचे काम अखेर मार्गी लावले ते संगणकाचा वर्ग चालवणाऱ्या एका मास्तरांनी. त्यांनी यंत्राला हात लावण्याआधी पेनड्राइव्ह मागितला आणि सगळ्या फाइलीची नक्कल काढून ती माझ्या हाती दिली. “मी काही बिघडवले तर मूळ तुमच्याजवळ असू द्या,” म्हणाले. नक्कल न काढता दुरुस्तीला बसणाऱ्या माणसाला मी आता खुर्चीही देत नाही. मग त्यांनी विचारले, “सगळे चुकते असे सांगू नका. एकच पट्टी दाखवा. काय भरले, काय यायला हवे होते, आणि काय आले?” मी वहीतून त्या वक्कलाचा दिवस, गोण्या, वजन, भाव सगळे कागदावर उतरवून दिले. पडद्याचा फोटोही काढला. अर्ध्या तासात दोष सापडला. आमचा प्रोग्रॅम खातेदाराला नावावरून ओळखत होता. एकाच नावाचे दोघे आले की यादीत आधी जो सापडेल त्याच्या नावावर रक्कम टाकायची! प्रत्येक खात्याला वेगळा क्रमांक हवा, हे मुळातच राहून गेले होते. शाळेत एकाच नावाच्या दोन मुली असल्या की बाई हजेरीचा नंबर विचारतात, तेवढेच शहाणपण.

दोष सापडला, पण दुरुस्ती होईना. मुलाने आम्हांला दिलेली फाइल कुलूपबंद होती. मास्तरांनी समजावले, की हे मसाल्याच्या बंद पुडीसारखे आहे. मसाला तुमच्याकडे, पण प्रमाण लिहिलेला कागद करणाऱ्याच्या घरी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यात धरला जातो, हे ऐकून मला हसूच आले. आमच्या कांद्याच्या पट्ट्या म्हणजे साहित्य! परंतु त्याचा अर्थ गमतीचा नाही. कागदावर तसे लिहून घेतले नसेल, तर पैसे आपण दिले तरी प्रोग्रॅमची मालकी सहसा करणाऱ्याकडेच राहते. जपून ठेवण्यासाठी नक्कल काढण्याची मुभा मात्र तोच कायदा देतो. म्हणून नवे काम देताना उघडी फाइल, परवलीचा शब्द आणि मालकी या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात, मग तो भाचा असो की पुतण्या. नात्यात लिखापढी कशी मागावी, असा संकोच होतो खरा. पण नाते त्यानेच टिकते, असे माझे मत आहे.

मी पुन्हा त्या मुलाला फोन केला. या वेळी तक्रार केली नाही, तो लिहिलेला कागद आणि पडद्याचा फोटो धाडला. संध्याकाळी त्याचा फोन आला, “काकू, खरंच चुकलंय.” रात्री उघडी फाइल आली. मास्तरांनी सहा हजार रुपये घेऊन क्रमांकाची सोय केली.

मागच्या नोंदी मात्र कोणताही प्रोग्रॅम वेगळ्या करू शकत नव्हता, कारण कोणती रक्कम कोणाची हे त्याला कधी माहीतच नव्हते. ते वहीलाच माहीत. जाऊबाई वाचायच्या आणि मी भरायची, अशा अकरा रात्री आम्ही बसलो. एकसारख्या नावांच्या सात जोड्या निघाल्या. त्यात एकीकडे एका विधवा बाईंचे चार हजार दोनशे दुसरीच्या खात्यावर जमा होते, आणि त्या बिचाऱ्यांनी कधी विचारलेही नव्हते.

विचारायला बाया का कचरतात? आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक आहे. सभासद बायांना लिहितावाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यांचा पहिला अर्ज नाकारला होता. त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही मुदलाचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ साली बँक सुरू झाली. संगणकवाल्यापुढे बसताना मला त्या बाया आठवतात. त्याला त्याचे यंत्र कळते, मला माझा हिशेब कळतो, आणि दुरुस्तीला दोन्ही लागतात.

ते अठरा हजार मामंजी स्वतः त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन देऊन आले. त्यांनी चहा पाजला, पैसे मोजून घेतले. त्यांचा कांदा मात्र अजून दुसऱ्याच गाळ्यावर उतरतो.

आता प्रत्येक खातेदाराला आम्ही क्रमांकाची चिठ्ठी देतो, दर गुरुवारी रात्री पेनड्राइव्हवर नक्कल काढून ती देवघराच्या फडताळात ठेवते, आणि वही चालूच आहे. कोणाला आपल्या दुकानाच्या प्रोग्रॅमची अडचण असेल, तर चुकलेले एक बिल आणि कागद-पेन्सिल घेऊन दुपारी तीननंतर माझ्याकडे या. काय विचारायचे ते आपण मिळून लिहू. मास्तरांनीही यायचे कबूल केले आहे.