हिरड्यांचे रोग आणि लेसर किरण

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान)



लेसर किरणांनी हिरड्यांचा रोग बरा होतो काय, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी संस्थेच्या चालकांनी आम्हांस आज्ञा केली. उपाय नवा असला, तरी रोग जुना आहे. आपल्या कित्येक घरांत चाळिशी उलटलेल्या माता-भगिनींचे दात एकामागून एक हलू लागतात आणि घरची मंडळी 'वय झाले' असे म्हणून स्वस्थ बसतात. केवळ वय झाले म्हणून दात पडत नाहीत. ते बहुधा दुर्लक्षित रोगाने पडतात, आणि तो रोग वेळीच रोखता येतो.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो निघाला नाही, तर लाळेतील क्षारांनी त्याचे कठीण किटण बनते. हिरडी सुजते, दात घासताना रक्त येते. १९६५ साली डेन्मार्कमधील आर्‌हूस येथे हेराल्ड लो या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या बारा व्यक्तींस दात घासणे बंद करावयास लावले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या; घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. या पायरीवर रोग पूर्ण बरा होतो. पुढे मात्र हिरडी दातापासून सुटू लागते. एरवी एक ते तीन मिलिमीटर असणारी फट पाच-सहा मिलिमीटर खोल होते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. यालाच आपण पायोरिया म्हणतो. तो बहुधा दुखत नाही, म्हणून लवकर कळत नाही.

आता लेसरकडे वळू. आइन्स्टाइनने १९१७ साली मांडलेल्या तत्त्वाच्या आधारे १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमनने पहिला लेसर चालवून दाखविला. आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर निर्माण केला. त्याचा किरण पाण्यात चटकन शोषला जातो, आणि शरीराचा मऊ भाग पाण्याने भरलेला असतो. त्यामुळे तो भाग अल्प रक्तस्रावात कापता येतो. पुढे शस्त्रवैद्यांच्या हाती हे साधन आले आणि हिरड्यांवरही वापरले जाऊ लागले.

आज कोल्हापुरातील काही दवाखान्यांत मुख्यतः डायोड लेसर आढळतो. केसासारखा बारीक तंतू हिरडीच्या फटीत घालून तिच्या आतील रोगट अस्तर काढतात व जंतू मारतात. रक्त कमी येते, हे खरे. परंतु डायोडच्या किरणाने मुळावरचे किटण निघत नाही. एर्बियम जातीच्या लेसरने ते काढता येते. तथापि त्याचे यंत्र महाग असते. म्हणून मुळापर्यंतची सफाई आधी आणि किरण नंतर, हा क्रम विसरू नये. २०१८ साली अमेरिकेतील हिरडीतज्ज्ञांच्या अकादमीने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. सफाईला लेसरची जोड दिल्याने होणारा जादा लाभ माफकच असतो, असा त्याचा आशय होता. शिवाय किरणाचे मान चुकले तर मुळास व हाडास उष्णतेची इजा होते. लेसर हा वैद्याचा साहाय्यक आहे. सफाईची जागा तो घेऊ शकत नाही.

यास्तव लेसरसाठी पैसे मोजण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. फट किती मिलिमीटर खोल आहे? हाडाचे क्ष-किरण चित्र काढले आहे काय? साध्या सफाईने भागणार नाही, ते कशावरून? प्रामाणिक वैद्यास या प्रश्नांचा राग येणार नाही.

दात साफ केल्याने ते हलू लागतात, ही समजूतही सोडावी. किटण निघाले आणि सूज उतरली की आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात, इतकेच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. निपाणीची तंबाखूची पेठ आपल्या शेजारीच, आणि आपल्या घरांतून मिश्रीचा डबा अजून गेलेला नाही. मिश्रीने दात बळकट होतात, असे सासूने सुनेस सांगावे आणि सुनेने ते मानावे, ही रीत आता मोडली पाहिजे. तंबाखूने हिरडी मागे सरते आणि तोंडाच्या कर्करोगाचे भय वाढते. सकाळी मिश्री आणि सायंकाळी लेसर, असा व्यवहार फळास येणार नाही. मधुमेहाचेही तसेच. तो आटोक्यात नसेल तर हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या मधुमेह आवरू देत नाहीत.

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून या नगरीत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. मुलांच्या विद्येची काळजी वाहणाऱ्या ज्ञातिसंस्थांनी घरातील स्त्रियांच्या आरोग्याची काळजीही वाहावी, हे त्या परंपरेस साजेसेच होईल. आमची सूचना अशी की, दरवर्षी संमेलनाच्या दिवशी दंततपासणी ठेवावी आणि तीत पहिला मान भगिनींचा असावा. ज्यांना उपचार हवेत, त्यांना आपल्याच जिल्ह्यातील नवे पारगाव येथील तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी संस्थेने न्यावे. दंत महाविद्यालयांत अध्यापकांच्या देखरेखीखाली सामान्यतः अल्प खर्चात उपचार होतात. लेसरला लागणाऱ्या खर्चाचा काही अंश जरी साध्या सफाईसाठी वेळीच वेचला, तरी पुष्कळ भगिनींचे दात वाचतील.