बगळ्याची गोष्ट कोण कोणाला सांगतो?

तळ्याकाठी एक म्हातारा बगळा रडत उभा आहे. मासे पकडायची ताकद उरलेली नाही, पोट मात्र आहेच. खेकडा जवळ येऊन विचारतो, ‘मामा, आज खाणंपिणं सोडून असे का उभे?’ बगळा म्हणतो, ज्योतिष्यांकडून कळलं, बारा वर्षं पाऊस नाही. तुमचं कसं होणार या काळजीनं जीव तुटतो. तळं हादरतं. मग बगळा एकेकाला पाठीवर घेऊन दुसऱ्या, मोठ्या तळ्याकडे पोहोचवू लागतो. म्हणजे जवळच्या खडकावर नेऊन खाऊ लागतो. एक दिवस खेकड्याची पाळी येते. त्याला लांबूनच खडकावर हाडांचा ढीग दिसतो. तो विचारतो, ‘मामा, तळं अजून किती लांब?’

पंचतंत्रातली ही गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. मराठी घराघरांत मात्र ती एका ठरलेल्या वाक्यानं सुरू होते: एक लबाड बगळा होता. तिथेच अर्धी गोष्ट संपते. मूळ रचनेत बगळा आधी दिसतो तो म्हातारा, उपाशी आणि डोळ्यांत पाणी आणणारा. त्याचं खोटं दयेचा वेश घालून येतं, त्याला ज्योतिषाचा आधार असतो, म्हणून तर मासे फसतात. ऐकणाराही थोडा फसला पाहिजे. आणि हाडं पाहिल्यावर ‘खेकडा घाबरला’ असं सांगायची गरजच काय? तो अंतर विचारतो, तेवढ्यात त्याची सगळी घालमेल कळते. पुढे तो नांगीत बगळ्याची मान पकडतो, आणि तुटलेली मान घेऊन हळूहळू तळ्याकडे परत येतो. या ‘हळूहळू’शी सांगणाऱ्यानं थांबावं. नीतिकथेत वर्णनाला जागा फार थोडी असते. जे एखाददुसरं तिथं शिल्लक राहिलेलं असतं, ते उगाच राहिलेलं नसतं.

आता या गोष्टीचं तात्पर्य काय? लबाडीचं फळ वाईट, असं कोणीही सांगेल. पण पंचतंत्रात ही गोष्ट एकटी नाही. एका कावळा-कावळीची पिल्लं काळा साप खातो. त्यांना धीर देताना त्यांचा मित्र कोल्हा ती सांगतो. त्याला म्हणायचं आहे की हावरटाचा शेवट जवळच असतो. मग तो युक्ती सुचवतो: राजवाड्यातली सोन्याची साखळी उचला आणि सापाच्या ढोलीत टाका. साखळीच्या शोधात आलेले राजाचे लोक सापाला मारतात. ही कावळ्यांची गोष्टही दमनक नावाचा कोल्हा करटक या दुसऱ्या कोल्ह्याला सांगत असतो, आणि दमनकाचा बेत आहे सिंह आणि बैल यांची मैत्री तोडण्याचा. म्हणजे लबाड बगळा कसा मेला, हे शेवटी एका कारस्थान्याच्या तोंडून कळतं! आणि या सगळ्याच्या बाहेर विष्णुशर्मा आहे. अमरशक्ती राजाच्या तीन ढ मुलांना सहा महिन्यांत शहाणं करण्याची पैज त्यानं घेतली आहे. अख्खा ग्रंथच वर्गात बसलेला आहे.

पुण्याशी या ग्रंथाचं नातं जुनं आहे. सदाशिव पेठेतल्या विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. त्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न आणि मुंबईचे ब्यूलर या दोन जर्मन पंडितांनी १८६८च्या सुमारास ‘बॉम्बे संस्कृत सिरीज’च्या अगदी आरंभी पंचतंत्र संपादून छापलं, तेही विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून. मराठी शाळेत मात्र इसाप आधी पोहोचला होता. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मराठीत छापला गेला, आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मुंबईत शाळकरी मुलांसाठी तो मराठीत आणला. एक गोष्ट, तिच्या शेपटाला एक बोध, हा साचा वर्गाला सोयीचा पडला. खुद्द ग्रीक संग्रहांतले बोध नंतरच्या हातांनी जोडले असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात.

या साच्यावर १७६२ मध्ये तत्त्वज्ञ रूसोनं ‘एमिल’ या शिक्षणावरच्या पुस्तकात चांगलेच ताशेरे ओढले. कावळा आणि कोल्ह्याची गोष्ट त्यानं एकेक ओळ घेऊन सोलली आणि म्हटलं, मुलं कावळ्याच्या चुकीतून शिकत नाहीत, ती कोल्ह्याच्या बाजूनं होतात. रूसोचं निरीक्षण खरं आहे, पण त्यावर त्यानं काढलेला उपाय, म्हणजे लहानपणी या गोष्टी नकोतच, हा जरा घाईचा. त्याच्या तीन वर्षं आधी जर्मन लेखक लेसिंगनं जास्त कामाचं सुचवलं होतं: शाळेत मुलांना नीतिकथा बदलायला लावा. त्यानं स्वतः कावळ्याच्या पंजांत विष घातलेलं मांस दिलं. कोल्हा खुशामत करतो, मांस मिळवतो आणि मरतो. एक वस्तू बदलली आणि कोल्ह्याच्या बाजूला बसलेली मुलं अडचणीत आली.

समजा, पुण्यात पेरूगेटाजवळच्या एखाद्या शाळेत चौथीचा वर्ग आहे. बाईंनी बगळ्याची गोष्ट हाडांच्या ढिगापाशी थांबवावी आणि खेकड्यानं आता काय बोलावं, ते मुलांना विचारावं. कोणी ओरडेल, कोणी उडी मारायला सांगेल. मग मूळ प्रश्न ऐकवावा. तो इतका साधा का, यावर मुलांना भांडू द्यावं. दुसऱ्या दिवशी वर्गाचे गट करावेत. एका गटानं ही गोष्ट जिवंत राहिलेल्या माशांच्या तोंडून सांगायची, एकानं बगळ्याच्या पिल्लांना त्यांच्या आईनं सांगावी तशी, एकानं ज्योतिष्याच्या बाजूनं. त्याचं नाव तर फुकट वापरलं गेलं! अट एकच: ‘लबाड’, ‘दुष्ट’, ‘हुशार’ हे शब्द वापरायचे नाहीत. विशेषणं काढून घेतली की मुलांना कृती शोधावी लागते, आणि हेच तर नीतिकथेचं कसब. तिसऱ्या दिवशी लेसिंगची युक्ती: खेकड्याऐवजी कासव पाठीवर बसलं असतं तर?

राहता राहिली परीक्षा. ‘या गोष्टीवरून काय बोध मिळतो?’ हा दोन मार्कांचा प्रश्न काढून टाकायची गरज नाही. त्याच्या खाली आणखी एक जोडता येईल: ‘ही गोष्ट तुम्ही कोणाला आणि कोणत्या वेळी सांगाल?’ उत्तर तपासायला बाईंना जास्त वेळ लागेल, कारण तिथे चाळीस वह्यांत एकच वाक्य सापडणार नाही.