जुगाराला वास येत नाही



सहा-आठ भागांच्या थरारमालिकांना अलीकडे एक सवय जडली आहे. शेवटून दुसऱ्या भागात पडद्यावरचे रंग फिके होतात आणि नायकाचं बालपण समोर येतं. मारकुटा बाप, विहिरीत बुडालेली बहीण, बाहेरून कडी लावलेली खोली. त्या दोन मिनिटांत त्याचं दारू पिणं, पत्त्यांवर पैसे लावणं, बायकोशी खोटं बोलणं, प्रसंगी खून करणंसुद्धा उलगडून दाखवलं जातं. कोडं सुटलं म्हणून प्रेक्षक सुखावतो. पटकथाकारांच्या या संमेलनातल्या आजच्या अध्यक्षीय भाषणासाठी मनावरचा आघात आणि छुपं जुगारव्यसन हा विषय घेतला, तो या दोन मिनिटांशी भांडण्यासाठी. साक्षीला आहे तीस वर्षांपूर्वीची एक ब्रिटिश मालिका, 'क्रॅकर'.

२७ सप्टेंबर १९९३ रोजी आयटीव्ही वाहिनीवर तिचा पहिला भाग दिसला. निर्मिती ग्रॅनाडा टेलिव्हिजनची, शहर मँचेस्टर, लेखक जिमी मॅकगव्हर्न. मॅकगव्हर्न लिव्हरपूलच्या कामगारवस्तीतले, काही काळ शाळेत शिक्षक, मग 'ब्रूकसाइड' या दीर्घ मालिकेचे लेखक. स्वतःच्या जुगाराच्या सवयीबद्दल ते जाहीरपणे बोललेले आहेत आणि ते ठाऊक नसलं तरी मालिका बघताना कळतं, की लिहिणाऱ्याने ही गोष्ट दुरून पाहिलेली नाही. नायक डॉ. एडवर्ड फिट्झगेराल्ड, सगळ्यांचा फिट्झ. अवाढव्य देहाचा, सिगारेटवर सिगारेट ओढणारा, दारू पिणारा, जुगारी मानसशास्त्रज्ञ. पोलीस त्याला संशयितांची मनं उघडायला बोलावतात. रॉबी कोल्ट्रेन यांनी तो साकारला आणि बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार लागोपाठ तीन वर्षं घेतला. 'हॅरी पॉटर'मधला हॅग्रिड म्हणून आपली मुलं ज्यांना ओळखतात, तेच हे कोल्ट्रेन.

चौकशीच्या खोलीत समोरच्याचं खोटं एका नजरेत पकडणारा हा माणूस घरी सराईतपणे खोटं बोलतो. घरच्या पैशाचं काय झालं ते कळल्यावर पत्नी ज्युडिथ घर सोडते. खुनाचा तपास आणि घरातला तपास असे दोन तपास एकाच वेळी सुरू राहतात. फिट्झ एकात तपास करणारा आहे, दुसऱ्यात आरोपी. या एका रचनेमुळे 'क्रॅकर' त्या काळच्या शंभर पोलिसी मालिकांहून वेगळी उठून दिसते. संशयितासमोर बसलेला फिट्झ आणि घोड्यावर पैसे लावणारा फिट्झ यांच्या चेहऱ्यावरची चमक सारखीच असते, हे बघायला मात्र मालिका पुन्हा लावावी लागेल.

मराठी रंगभूमीने व्यसन पाहिलेलं आहे. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली आलं आणि सुधाकराची झिंग, त्याचे थरथरते हात, पत्नी सिंधूचे हाल प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसले. दारूला वास असतो, तोल जातो, शब्द अडखळतात. नटाला करण्याजोगं त्यात पुष्कळ आहे. जुगाऱ्याचं तसं नाही. तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर कचेरीत जातो, मुलांचा अभ्यास घेतो, सोसायटीच्या सभेत मुद्देसूद बोलतो. त्याच्या अंगाला कसला वास येत नाही. त्याचा रोग कागदावर असतो. पतपेढीची नोटीस, सोनेतारणाची पावती, पीएफमधून उचललेली रक्कम, भिशीचा न भरलेला हप्ता, मध्यरात्री मोबाइलवर येणारा कर्जवसुलीचा संदेश. थरारकथेला जे पुरावे लागतात ते सगळे स्वयंपाकघराच्या खणात पडलेले असतात. प्रेत लागत नाही.

लपवणं हा या आजाराचा सोबती नव्हे, ते आजाराचंच लक्षण आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार १९८० साली पहिल्यांदा आला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो दारू आणि अमली पदार्थांच्या शेजारी, व्यसनांच्या प्रकरणात गेला. तिथे नऊ निकष दिले आहेत आणि वर्षभरात त्यातले चार जुळले तरी निदान होतं. किती खेळतो हे दडवण्यासाठी खोटं बोलणं हा त्या नवांपैकी एक. हरलेलं भरून काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा येणं हा आणखी एक. निकष वाचताना पटकथेच्या माणसाच्या लक्षात येईल, की इथे पात्ररचना आयती मांडून ठेवली आहे: तो काय दडवतो, कोणापासून दडवतो, आणि उद्या कोणाकडे उसने मागणार.

हरूनही माणूस का उठत नाही, याचं उत्तर बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत सापडतं. खाऊ केव्हा मिळेल याचा नेम नसला, की प्राणी खटका दाबतच राहतो. नेमाने मिळणारा खाऊ बंद झाला तर त्या मानाने लवकर थांबतो. पुढे जुगारयंत्रांवर झालेल्या संशोधनातून 'थोडक्यात हुकणं' किती जबर असतं ते दिसलं. दोन चिन्हं जुळली, तिसरं एका घराने सरकलं. ही हारच असते, पण खेळणाऱ्याला ती पुन्हा खेळायचं आमंत्रण वाटते. नताशा डाउ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास वेगासच्या यंत्रांपुढे बसणाऱ्या माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या २०१२ च्या पुस्तकातली माणसं सांगतात, की जिंकण्यासाठी ती बसतच नाहीत. यंत्रासमोर काळ, देह, संसार सगळं विरघळतं आणि तेच हवं असतं. असं असेल तर नायकाने टेबलावर नोटांच्या थप्प्या ओढून घेण्याचा आवडता प्रसंग आपण किती चुकीच्या जागी टाकतो!

आपल्या परंपरेतला एक लेखक हे सगळं फार आधी जाणून होता. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चं देवलांनी मराठी संगीत नाटक केलं, म्हणून ते आपलंही झालं. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात संवाहक हा जुगारी दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो आणि ओस देवळात शिरून मूर्तीच्या जागी निश्चल उभा राहतो. मागावर आलेला अड्ड्याचा मालक आणि त्याचा साथीदार त्याला ओळखतात, पण अंगावर धावून जात नाहीत. तिथेच बसून फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज कानी पडतो, संवाहक स्वतःला आवरू बघतो, आणि शेवटी आपली पाळी मागत पुढे येतो. जीव धोक्यात आहे हे ठाऊक असूनही! आज उपचारकेंद्रात समुपदेशक जिला चेतवणी, म्हणजे 'ट्रिगर', म्हणतात, ती एवढ्या नेमकेपणाने रंगभूमीवर क्वचितच आली असेल.

आता आघाताकडे. 'क्रॅकर'च्या दुसऱ्या पर्वाची पहिली कथा 'टू बी अ समबडी' ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रसारित झाली. अल्बी किन्सेला हा लिव्हरपूल संघाचा चाहता, कारखान्यातला कामगार. भूमिका रॉबर्ट कार्लाइल यांची. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, त्यातून तो वाचला आहे. त्या दिवसाचे बळी आज ९७ मोजले जातात. त्या काळी पोलिसांनी आणि एका खपाऊ वृत्तपत्राने दोष मेलेल्यांवर आणि वाचलेल्यांवर टाकला. चाहत्यांचा दोष नव्हता आणि ते मृत्यू बेकायदा होते, असा निवाडा यायला २०१६ साल उजाडलं. कथा घडते तेव्हा अल्बीचे वडील कर्करोगाने नुकतेच गेलेले आहेत. दुकानात चार पेन्स कमी पडतात, दुकानदार सोडत नाही. अल्बी घरी जातो, डोकं भादरतो, परत येतो आणि त्या आशियाई दुकानदाराला ठार मारतो.

मॅकगव्हर्न यांचं धैर्य इथे दिसतं. अल्बीला काय सोसावं लागलं हे ते पूर्ण ताकदीने सांगतात. एवढ्या जोराने सांगतात, की प्रेक्षकाला त्याची बाजू पटू लागते. आणि त्याच वेळी मेलेल्या दुकानदाराचं रक्त ते प्रेक्षकाच्या नजरेआड होऊ देत नाहीत. आघात हे कारण आहे, माफीनामा नाही, हे कुणा पात्राच्या तोंडी भाषण न घालता त्यांनी घटनांमधून उभं केलं. तपासातला पोलीस जिमी बेक अल्बीच्या बोलण्याने विरघळतो आणि त्याला सोडून देतो. पुढे अल्बी तपासप्रमुख बिलबरोला भोसकतो. रस्त्यावर पडलेला बिलबरो वायरलेसवरून स्वतःची मृत्यूपूर्व जबानी देतो. ते दृश्य ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या इतिहासात राहून गेलं आहे. आपल्या चुकीच्या ओझ्याखाली बेक मोडतो, आणि मोडलेला बेक सहकारी जेन पेनहॅलिगनवर बलात्कार करतो. एका मैदानावरची जखम किती परक्या माणसांच्या आयुष्यांपर्यंत पोहोचते, हे दाखवायला मालिकेने अनेक भाग घेतले, कारण त्याला तेवढा वेळ लागतोच. दोन मिनिटांच्या फिकट रंगांत हे मावलं नसतं.

याउलट फिट्झचा जुगार. त्याच्यामागे मालिका एखादी बालपणीची जखम उभी करत नाही. कुलूप आहे, पण लेखक किल्ली देत नाही, आणि ते योग्य आहे. आघात भोगलेल्यांमध्ये जुगाराचं व्यसन जास्त आढळतं, हे संशोधनातून दिसलेलं आहे. पण प्रत्येक जुगाऱ्यामागे आघात असतोच असं मानलं, की दुकानं, यंत्रं, जाहिराती, कायदे हे सगळे कथेतून सुटून जातात. ब्रिटनमध्ये सट्ट्याची दुकानं १९६१ च्या मे महिन्यात कायदेशीर झाली. अल्बीची कथा संपून महिनाही झाला नव्हता, तेव्हा १९ नोव्हेंबर १९९४ ला राष्ट्रीय लॉटरीची पहिली सोडत बीबीसीवर थेट दिसली. दुकानातल्या सट्टायंत्रांवर एका डावाला १०० पौंडांपर्यंत लावता येत, ती मर्यादा २०१९ मध्ये २ पौंडांवर आली. फिट्झसारख्या माणसाचं चरित्र या तारखांनीही लिहिलेलं असतं.

दक्षिण कोरियाच्या 'स्क्विड गेम'ने २०२१ साली दोन्ही धागे एका माणसात आणले. सोंग गी-हुन पहिल्याच भागात आईचं कार्ड चोरून घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावतो. बऱ्याच पुढे कळतं, की तो मोटार कारखान्यातून काढलेला संपकरी आहे आणि सोबत्याचा मृत्यू त्याने समोर पाहिला आहे. २००९ च्या सांगयाँग कारखान्यातल्या संपाचा तो संदर्भ. तो ऐकताना गी-हुनची दया येते, तरी आईचं चोरलेलं कार्ड चोरलेलंच राहतं.

जवळच्या माणसाची बाजू मात्र दोन्ही मालिकांत कमी पडते. ज्युडिथ रागावते, निघून जाते, परत येते, पण कॅमेरा फिट्झजवळच राहतो. इथे १८६७ सालची एक वही आठवावी. दोस्तोयेव्हस्कीने आदल्या वर्षी 'जुगारी' ही कादंबरी प्रकाशकाशी केलेल्या कराराच्या मुदतीपायी सव्वीस दिवसांत तोंडी सांगितली. लिहून घेणारी लघुलेखिका आन्ना पुढे त्याची पत्नी झाली. जर्मनीत तो रूलेटवर हरत होता आणि ती नवऱ्याला न वाचता येणाऱ्या लघुलिपीत रोजनिशी लिहीत होती: काय गहाण गेलं, काय उरलं, घरभाड्याचं काय. जुगाऱ्याची थरारकथा तिच्या खुर्चीतून लिहायला हवी. काय चाललंय ते तिला ठाऊक नसतं, हळूहळू कळत जातं. उत्कंठा याहून वेगळी काय असते?

भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणणारा कायदा केला. त्याआधीची काही वर्षं हेच खेळ आपल्या क्रिकेटचे प्रायोजक होते, मालिकांच्या मधल्या विश्रांतीत तेच दिसत होते. मध्यमवर्गीय घरांत त्या काळात काय घडलं, त्याच्या कथा अजून लिहायच्या आहेत, आणि त्या मराठीत येतील तेव्हा वसईच्या, इचलकरंजीच्या, नांदेडच्या तपशिलांनी भरलेल्या असाव्यात.

त्यासाठी संमेलनाच्या कार्यकारिणीपुढे दोन सूचना आहेत. एक, निर्मात्यांशी होणाऱ्या करारात संशोधनासाठी वेगळा वेळ आणि मानधन लिहून घ्यावं, म्हणजे लेखकाला समुपदेशक, बँकेचे वसुली अधिकारी आणि जुगाऱ्यांच्या घरची माणसं यांच्याकडे जाता येईल. दुसरी, कर्जबाजारी पात्राच्या आत्महत्येचा प्रसंग लिहिण्याआधी जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट आणि रंगभूमीच्या कलावंतांसाठी २०१९ मध्ये काढलेली पुस्तिका प्रत्येकाने वाचावी. पद्धत तपशिलात दाखवू नका, मदत मागणारं पात्र दाखवा, असं ती सांगते. तिचं मराठी रूप कार्यकारिणीने तयार करावं. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक शेवटच्या श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत देऊ नये. ज्या भागात नायक पहिल्यांदा बायकोपासून पैसे लपवतो, त्याच भागाच्या शेवटी तो यावा, कारण घरात बसून ते बघणाऱ्या कुणालातरी तो नेमका त्याच रात्री लागणार असतो.