मोटारीचा उच्छ्वास



मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. मोटारीच्या नळ्यांविषयी बोलायचा याला काय अधिकार, असे कुणी विचारील, आणि ते रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच, की वडिलांनी १९९३ साली घेतलेली मारुती ८०० अजून आमच्या दारात उभी आहे आणि तिचे दुखले-खुपले मलाच पाहावे लागते. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली, २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. पण तालुक्याच्या गावी ती अजून दिसते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईला घेऊन घाट चढत होतो. पाऊस, म्हणून काचा बंद. आई म्हणाली, "डोकं फार दुखतंय रे, मळमळतंयही." मला वाटले, घाटात गाडी लागली असेल. पण थोड्या वेळाने माझेही डोके जड झाले, तेव्हा गाडी थांबवली. मोकळ्या हवेत आईला हळूहळू बरे वाटू लागले, आणि मला बॉनेटखालची फट्‌ फट्‌ ऐकू आली.

आमच्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी गाडी पाहिली. पूर्वी एका गॅरेजमध्ये काम झाले होते, तेव्हा इंजिन आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधले जुनेच, जळके पॅकिंग पुन्हा बसवले होते. तिथून धूर गळत होता. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. चार पैशांच्या पॅकिंगची काटकसर कुठवर गेली असती, हे सांगायला नको.

मॅनिफोल्ड काढायचाच होता. मिस्त्री म्हणाले, "सर, हेडर बसवू या का?" आता हेडर म्हणजे काय? या गाडीचे इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे. दर २४० अंशांनी एकेक सिलिंडर धूर सोडतो. बिडाच्या आखूड मॅनिफोल्डात तिघांचा धूर लगेच एकत्र येतो आणि एकाचा लोट दुसऱ्याला मागे रेटतो. तीन वाफ्यांचे पाणी एकाच चरात काटकोनात सोडले तर ते तुंबते, तसेच. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला जवळपास सारख्या लांबीची स्वतंत्र नळी असते आणि त्या पुढे जाऊन मिळतात. एका लोटामागे जी ओढ निर्माण होते, ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते. मात्र नळी जितकी जाड तितकी ताकद जास्त, हा समज खोटा आहे. फार जाड नळीत धुराचा वेग मंदावतो आणि ती ओढच नाहीशी होते.

प्रथम आरटीओत विचारून आलो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत. सायलेन्सर होता तसाच ठेवला. ज्यांच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, त्यांनी तो काढू नये.

मग काम. आदल्या संध्याकाळी गंजलेल्या नटांवर तेल सोडून ठेवले. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची ऋण तार सोडलेली. तरी एक स्टड तुटलाच! तो काढण्यात अर्धा दिवस गेला. घाई केली असती तर इंजिनाचे हेडच बिघडले असते. मग इंजिनाकडचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ केला, हेडरची पट्टी सरळ आहे ना ते पट्टी लावून पाहिले, आणि पॅकिंग नवे कोरे घातले. सगळे नट आधी हातानेच फिरवायचे. मग पान्याने मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. एक बाजू आधी आवळली की दुसरीकडे फट राहते. गाडी मोकळ्या जागेत सुरू केली. बंद खोलीत कधीही नाही. दोन-चार फेऱ्या झाल्यावर, इंजिन थंड झाले की नट पुन्हा तपासले.

फायदा किती? अर्थशास्त्राचा माणूस म्हणून खरे तेच सांगतो. घाटात, इंजिन जोरात फिरत असताना, गाडी थोडी मोकळी चालते. पेट्रोल वाचले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नुसत्या ताकदीसाठी हा खर्च करा, असे मी कुणाला सुचवणार नाही. पण आपल्या जुन्या गाडीतून फट्‌ फट्‌ ऐकू आली, किंवा काचा बंद असताना मुलांचे डोके दुखू लागले, तर गाडी थांबवा, सगळ्यांना बाहेर काढा, आणि तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

परवा आई पुन्हा घाटातून आली. सबंध वाटभर बोलत होती. मला तेवढे पुरे.