कर्नल महाडीक आणि आमचीं घरें
(गांवकऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



शूर पुरुषाची कथा या मुलुखास नवी नाहीं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत पडले. सांगलीकडील मणेराजुरीचे लान्सनायक पांडुरंग साळुंखे १९७१ च्या युद्धांत कामास आले, त्यांस मरणोत्तर महावीर चक्र मिळालें. आज आम्ही एका अधिकाऱ्याची कथा सांगणार आहों, आणि ती केवळ टाळ्यांसाठीं नव्हे.

आमच्या बापजाद्यांनीं नांगर सोडून बंदूक धरली, पण हुकूम देणारा दुसराच असे. इंग्रजी अमलांत १९१७ पर्यंत लढाऊ पलटणींत हिंदी माणसास बादशाही कमिशन मिळत नसे. केस पिकलेल्या सुभेदारानें मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या साहेबापुढें टाच जुळवावी, ही रीत. १९३२ सालीं डेहराडूनचें लष्करी विद्यालय निघालें; पण त्याच्या दाराची किल्ली विद्या होती. ज्याच्या घरांत पाटी नाहीं, त्याला तें दार भिंतीसारखेंच. पुढें २३ जून १९६१ रोजीं देशांतली पहिली सैनिक शाळा साताऱ्यांत उघडली आणि आमच्या मुलांच्या हातीं ती किल्ली लागली.

सातारा तालुक्यांतील पोगरवाडीचे संतोष महाडीक याच शाळेंत शिकले. १९९८ सालीं ते सैन्यांत अधिकारी झाले. ईशान्येकडील कामगिरीबद्दल २००३ सालीं त्यांस सेना पदक मिळालें. पुढें काश्मिरांत ४१ राष्ट्रीय रायफल्स ही पलटण त्यांच्या हुकमतीखालीं आली. कुपवाड्याच्या तरुणांनीं शाळेकडे व खेळाकडे वळावें म्हणूनहि ते खटपट करीत. १७ नोव्हेंबर २०१५ रोजीं मणिगाहच्या रानांत दहशतवाद्यांचा शोध चालला होता. कर्नल मागें राहून हुकूम देऊं शकले असते. पण ते जवानांच्या पुढें होते. तेथेंच ते गोळ्या लागून पडले. उघड युद्ध नसतांना दाखविलेल्या पराक्रमासाठीं असलेलें शौर्य चक्र त्यांस मरणोत्तर मिळालें.

एवढें सांगून वक्ता खालीं बसतो, लोक जयजयकार करतात व घरीं जातात. आम्ही विचारतों, त्या वीराच्या घराचें पुढें काय? आमच्यांत शूराच्या तसबिरीस हार घालतात आणि त्याच्या बायकोच्या हातांतल्या बांगड्या फोडतात. त्याला स्वर्ग आणि तिला घराचा कोपरा! हा कोठला न्याय?

श्रीमती स्वाती महाडीक कोपऱ्यांत बसल्या नाहींत. त्या शिक्षिका होत्या, दोन लेकरांच्या आई होत्या. पतीच्या मागें त्यांनीं सैन्यांत जाण्याचें ठरविलें. वय नियमाहून अधिक झालें होतें, ती अट सरकारनें शिथिल केली. निवडीची कसोटी मात्र त्यांनीं स्वतःच्या बळावर पार केली. चेन्नईस आपल्याहून लहान मुलींबरोबर कवाईत करून ९ सप्टेंबर २०१७ रोजीं त्या लेफ्टनंट झाल्या. पतीचें नांव त्यांनीं दगडावर कोरून ठेवलें नाहीं, तें त्या अंगावर वागवीत चालल्या.

बंधूंनो, आमचें मागणें दोनच गोष्टींचें आहे. सैनिक शाळेंत सहावीला प्रवेशपरीक्षा देऊन जातां येतें, आणि २०२१ पासून तेथें मुलींनाहि घेतात. तेव्हां जत्रेंत एक बकरें कमी कापा, पण त्या परीक्षेचीं पुस्तकें घरांत आणा. मुलासाठीं आणाल, तशीं मुलीसाठींहि आणा. दुसरें असें कीं, कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें २०२२ सालीं विधवेचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें बंद करण्याचा ठराव केला. तो ठराव तुमच्या चावडींत कां होऊं नये? त्याला ना सरकारी पैका लागतो, ना भटजीचा मुहूर्त.

पोगरवाडीच्या कर्नलास मानवंदना द्यावयाची असेल, तर ती अशी द्या.