दांत येतात तेव्हां

बाळाच्या खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला कीं घरांत आनंदीआनंद होतो. आजी चमच्याची कड त्या ठिपक्यावर हळूच लावून पाहते आणि 'टक्' असा आवाज येतांच साऱ्या बिऱ्हाडाला वर्दी जाते. दांत येणें ही वाढीची खूण. तिचें कौतुक व्हावें हें योग्यच आहे. परंतु ह्याच कौतुकाच्या आड एक जुना गैरसमज दबा धरून बसलेला असतो, आणि त्यानें आजवर असंख्य अर्भकांचा घात केला आहे. तो गैरसमज म्हणजे 'दांतांचे ढाळ'.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. बाळ आठ महिन्यांचें, खेळकर, नुकतेंच बसूं लागलेलें. सकाळपासून त्याला पातळ शौचास होत आहे. दुपारपर्यंत सहा वेळां झालें. आई धास्तावून सासूबाईंना म्हणते, "आई, डॉक्टरांकडे नेऊं या का?" सासूबाईंनीं चार मुलें वाढविलेलीं, त्या शांतपणें उत्तर देतात, "अगं, दांत येताहेत त्याला. दांत वर आला की आपोआप थांबेल. ह्याच्या बापालाही असंच झालं होतं." ह्या उत्तरांत माया आहे, अनुभव आहे, घाबरलेल्या सुनेला धीर देण्याची इच्छा आहे. उणीव एकच आहे: तें खरें नाहीं.

दांत येतांना वस्तुतः काय होतें? बहुतेक मुलांना सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दांत येतो. कोणाला चौथ्या महिन्यांतच, तर कोणाला वर्ष उलटल्यावर. प्रथम बहुधा खालचे मधले दोन, मग वरचे, असें करतां करतां मूल अडीच ते तीन वर्षांचें होईतों वीस दुधाचे दांत पुरे होतात. ह्या काळांत हिरडी किंचित् सुजते व शिवशिवते, लाळ गळते, मूल हातीं येईल तें चावूं लागतें, चिडचिडें होतें, रात्रीं मध्येंच जागें होतें. अंग थोडें कढत लागूं शकतें. परंतु ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटवर गेलेला ताप, पाण्यासारखे जुलाब, वांत्या किंवा झटके हीं दांतांचीं लक्षणें नव्हेत. दांत येण्याचें काम दोन वर्षें चालूच असतें. त्या अवधींत मुलाला जो जो आजार होईल, त्याचा दोष कोणत्या ना कोणत्या दांतावर टाकतां येतो. दांताला बोलतां येत नाहीं, म्हणून तो निमूटपणें दोष सोसतो.

दांत आणि जुलाब एकाच सुमारास कां येतात, ह्याचें उत्तर मात्र शोधण्यासारखें आहे. आईच्या पोटांत असतांना बाळाला तिच्या रक्तांतून रोगप्रतिकारक द्रव्यें मिळालेलीं असतात; जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांत तीं हळूहळू ओसरतात. सहाव्या महिन्यापासून आईच्या दुधाच्या जोडीला पेज, खिमट, वरणभात सुरूं होतो. त्याबरोबर वाटी, चमचा, पाणी आणि भरविणाराचे हात ह्यांचा संबंध येतो. ह्याच वेळीं मूल पालथें पडतें, सरकतें, रांगतें आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें. हिरडी शिवशिवत असल्यामुळें हा उद्योग अधिकच वाढतो. म्हणजे जुलाबाचें कारण दांत नसून, त्याच काळांत पोटांत जाणारे जंतु हें आहे.

हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाहीं. इंग्लंड व वेल्समध्यें १८३९ सालच्या मृत्युनोंदींत पांच हजारांवर मृत्यूंचें कारण 'दांत येणें' असें लिहिलेलें होतें. त्या काळचे डॉक्टर हिरडीला चीर देत. दांतांसाठीं मिळणाऱ्या पुडींत कॅलोमेल हें पाऱ्याचें संयुग असे. त्या पाऱ्यानें मुलांचे हातपाय लाल होऊन सोलत व मुलें अत्यंत क्षीण होत. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या पुडींतून पारा काढल्यावर हा रोग जवळजवळ नाहींसा झाला. एका गैरसमजापोटीं खरा रोग तसाच राहिला आणि औषधानें दुसरा निर्माण केला, असा तो प्रकार होता.

जुलाबानें मूल दगावतें तें बहुधा पाणी गेल्यामुळें. अर्भकाच्या वजनाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग पाण्याचा असतो. आठ किलो वजनाच्या बाळाच्या अंगांतून आठशें मिलिलिटर, म्हणजे अवघे चार पेले पाणी गेलें कीं वजनाचा दहावा हिस्सा गेला. आणि ही स्थिति प्राणावर बेतणारी असते. मोठ्या माणसाला चार पेल्यांची भरपाई स्वतः उठून करतां येते. बाळाला मागतांही येत नाहीं.

म्हणून शौचाची संख्या मोजण्याइतकेंच बाळाकडे पाहणें महत्त्वाचें आहे. तोंड कोरडें पडलें आहे काय? रडतांना अश्रु येतात काय? डोळे खोल गेले आहेत काय? टाळू खचल्यासारखी दिसते काय? दुपटें सहा तासांत एकदांही ओलें झालेलें नाहीं काय? पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडावी. ती तत्काळ पूर्ववत् व्हावयास हवी. ती सावकाश बसूं लागली तर शरीरांतलें पाणी आटलें आहे असें समजावें. आरंभीं मूल तहानलेलें व अस्वस्थ असतें. पुढें तें गुंगतें, पाणी पिण्याचेंही त्राण त्याला उरत नाहीं. 'आतां जरा शांत झोपलं आहे' असें घरांतल्यांना वाटतें, तीच वेळ कधीं कधीं सर्वांत धोक्याची असते.

ह्या धोक्यावरचा उपाय स्वस्त आहे, आणि त्याची मोठी परीक्षा भारतांतच झाली. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं साखरेच्या जातीचें ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा ठराविक प्रमाणांत मिसळून त्याच्या पुड्या बांधविल्या, पाण्यांत विरघळवून तें पाणी पिंपांत भरलें, आणि रोग्यांच्या आप्तांनाच तें पाजावयास सांगितलें. शंभरांत सुमारें तीस असलेलें मृत्यूचें प्रमाण त्यांच्या देखरेखीखालीं चारांच्याही खालीं आलें. डॉ. महालनबीस २०२२ सालीं निवर्तले. पुढील वर्षीं भारत सरकारनें त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलें.

ह्या मिश्रणाचें रहस्य आंतड्यांत आहे. जुलाबांत नुसतें पाणी किंवा नुसतें मीठ नीट शोषलें जात नाहीं. परंतु ग्लुकोज बरोबर असलें कीं तें मिठाला हाताशीं धरून आंतड्याच्या भिंतींतून आंत नेतें, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातें. जुलाब चालूं असतांही ही वाट बहुधा उघडी राहते. हीच जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस. तिचें सुधारलेलें प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं ठरविलें. मोठी पुडी एक लिटर पिण्याच्या पाण्यांत संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजानें घालूं नये, पाणी कमी घेऊं नये, कारण दाट द्रावण अपाय करतें. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा पेला, तोही चमच्याचमच्यानें द्यावा. ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां अधिक सावकाश द्यावें. चोवीस तासांनंतर उरलेलें टाकून नवें करावें. पुडी हाताशीं नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून वेळ निभावतां येते. चमचा चहाचा घ्यावा व मीठ अर्ध्याहून अधिक होऊं देऊं नये.

बाजारांतून आणतांना मात्र डोळे उघडे ठेवावे. ओआरएस हीं अक्षरें छापलेलीं, फळांच्या चवीचीं, अति गोड पेयें कित्येक वर्षें दुकानांतून विकलीं जात होतीं. त्यांतल्या जादा साखरेनें जुलाब वाढतात. ठरलेल्या प्रमाणाचें नसलेल्या पेयाला हें नांव लावूं नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२५ मध्यें काढला. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वाचूनच ती घ्यावी.

'पोटाला विसांवा' म्हणून बाळाला उपाशी ठेवण्याची रीतही सोडली पाहिजे. अंगावरचें दूध मुळींच तोडूं नये; उलट अधिक वेळां पाजावें. पेज, मऊ भात, वरण, केळें असें थोडें थोडें देत राहावें. ह्या बाबतींत जुन्या बायकांची मीठ घातलेली तांदळाची पेज शहाणपणाचीच होती. डॉक्टरांच्या सल्ल्यानें जस्ताचें औषधही द्यावें. सहा महिन्यांवरील बाळाला रोज वीस मिलिग्रॅम व त्याखालील बाळाला दहा, असें दहा ते चौदा दिवस दिल्यानें जुलाब लौकर थांबतात. मात्र शौच बांधून ठेवणारें औषध लहान मुलाला कधींही घरच्या घरीं देऊं नये. एके काळीं मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची 'बाळागोळी' देऊन निजवीत. त्या गोळीनें मूल गप्प होई, बरें होत नसे. ही शिकवण आजच्या गोळ्यांनाही लागूं आहे.

शौचांत रक्त दिसलें, मूल पिईनासें झालें, जें प्यावें तें ओकूं लागलें, गुंगींत गेलें, ताप चढला, लघवी बंद झाली, किंवा बाळ तीन महिन्यांखालील असलें, तर रात्र असो कीं दिवस, डॉक्टरांकडे नेण्यास एक घटकाही लावूं नये. वाटेंतही चमचा चालूंच ठेवावा. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला दिवसांतून अनेक वेळां पिवळसर, सैलसर शौचास होणें हें मात्र स्वाभाविक असतें. बाळ हुशार असून वजन वाढत असेल तर तो रोग नव्हे.

आजार होऊंच नये ह्यासाठींही बरेंच करतां येतें. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून कांहींही, पाणीसुद्धां, देण्याची जरूर नसते. न धुतलेल्या सहाणेवर उगाळलेल्या गुटींतून आणि नीट स्वच्छ न होणाऱ्या बाटलीच्या बोंडातून जंतु पोटांत जातात. भरविण्यापूर्वीं व शौच काढल्यावर साबणानें हात धुणें, हें कोणत्याही दुकानी पुडीपेक्षां मोलाचें आहे. मुलांच्या तीव्र जुलाबांचें एक मोठें कारण म्हणजे रोटा विषाणु. त्यावरची तोंडानें द्यावयाची लस राष्ट्रीय लसीकरणांत २०१६ पासून टप्प्याटप्प्यानें आली असून ती सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत देतात.

दांतांविषयीं आणखी एक चिंता घरोघर ऐकूं येते: शेजारच्या मुलीला चार दांत आले, आपल्या बाळाला अजून एकही नाहीं, तर त्याची वाढ मागें पडली कीं काय? दांत लौकर येणें हें बुद्धीचें लक्षण नव्हे आणि उशिरां येणें हें मांद्याचें नव्हे. वाढ पाहावयाची ती निराळ्या खुणांवरून. दोन महिन्यांच्या सुमारास आईकडे पाहून हसणें, पुढें मान सावरणें, आवाजाकडे वळणें, हांकेला ओ देणें ह्या त्या खुणा होत. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यावरून बहुतेक सर्व मुलें सुमारें सव्वानऊ महिन्यांच्या आंत आधारावांचून बसतात. आणि एकट्यानें चालणें कोणाला आठव्या महिन्यानंतर, तर कोणाला साडेसतरा महिन्यांपर्यंत साधतें. एवढा फरक निरोगी मुलांतही असतो. परंतु ह्या मर्यादा उलटल्या, किंवा मूल शिकलेली गोष्ट विसरूं लागलें, तर 'होईल हळूहळू' म्हणत न बसतां तज्ज्ञाला दाखवावें.

आतां पुन्हां त्या घराकडे वळावें. आईनें सासूबाईंशीं वाद घातला नाहीं. तिनें बाळाला त्यांच्याच मांडीवर दिलें आणि म्हणाली, "आई, ह्याचे डोळे पाहा बरं." आजीनें पाहिले. पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडली. ती सावकाश बसली. क्षणभर ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "दांत येतील तेव्हा येतील. तू वाटी-चमचा आण, आणि रिक्षा बोलाव." सबंध वाटभर तिनें नातवाच्या ओठांना चमचा लावून ठेवला. डॉक्टरांनीं तपासलें, तेंच चालूं ठेवावयास सांगितलें. आणि पहांटे दुपटें ओलें झालें तेव्हां दोघींनाही तें पाहून जो आनंद झाला, तो पहिल्या दांताच्या आनंदाहून कमी नव्हता.

दांत पुढें चार दिवसांनीं वर आला. आजीनें त्याच चमच्याची कड त्याला लावून पाहिली. 'टक्' असा आवाज आला.